किल्लारी : काळी, पांढरी आणि भिंत

मराठवाड्यातील जुनी माणसे कोणत्याही गावाची दोन भागांत ओळख करून देत असत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पोट भरणारी शेतजमीन. पांढरी म्हणजे जिच्यावर घरे, देवळे आणि बाजार उभे राहतात ते गावठाण. काळीत पीक घ्यायचे आणि पांढरीवर वंश वाढवायचा, अशी ही साधी वाटणी. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी या गावाची काळी आजही जिथे होती तिथेच आहे. त्याची पांढरी मात्र हलली. पिढ्यानपिढ्या वसलेले गावठाण सोडून संपूर्ण गावाला दुसऱ्या जागी नव्याने वस्ती करावी लागली. या गावाचा भूगोल, त्याचा इतिहास आणि त्याच्या खुणा यांची ओळख करून घेताना हा बदल का घडला आणि त्यातून व्यापारी कुटुंबांनी काय घ्यावे, याचाही विचार करणे भाग आहे.

लातूर शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, धाराशिव जिल्ह्याच्या सीमेलगत, तेरणा नदीच्या खोऱ्यात किल्लारी वसले आहे. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा सखल होत गेलेला पठारी भाग. पाऊस बेताचा; वर्षाकाठी ७०० ते ८०० मिलिमीटर, तोही लहरी. जमीन काळी, कसदार, ओल धरून ठेवणारी. त्यामुळे ज्वारी, तूर, हरभरा ही येथील जुनी पिके. पुढे सोयाबीन आले, आणि जिथे पाण्याची सोय झाली तिथे ऊस आला. किल्लारीच्या परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच उसाच्या बळावर. आसपासच्या खेड्यांची खरेदी-विक्री येथे होई. मोठ्या मालाचा ओढा मात्र लातूरच्या आडत बाजाराकडे असे. लातूरच्या डाळमिलांना लागणारी तूर ज्या गावांमधून येते, त्या गावांच्या मालिकेत किल्लारीचेही नाव आहे. म्हणूनच या गावाचे नाव आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या वडिलोपार्जित खतावण्यांत सापडणे अशक्य नाही.

तेरणा ही नदी आकाराने लहान असली तरी तिचा इतिहास मोठा आहे. बालाघाटच्या कुशीत उगम पावून ती धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांतून वाहते आणि पुढे मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. याच तेरणेच्या काठी, किल्लारीच्या वरच्या अंगाला, तेर हे गाव आहे. प्राचीन काळी त्याचे नाव तगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या ग्रंथात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगरहून निरनिराळ्या जातीचे सुती कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेले जाई आणि तेथून ते समुद्रापार जाई. तेरमध्ये सापडलेल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालय आज त्या व्यापाराची साक्ष देते. गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना तेर पूज्य आहे, आणि तेथील जिनमंदिरामुळे जैन यात्रेकरूंनाही ते परिचित आहे. तेथून थोड्या अंतरावरील धाराशिव लेण्यांचा संबंध राजा करकंडूच्या कथेशी जोडला जातो आणि तेथे भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. सारांश, तेरणेचे खोरे ही मागास, आडवळणाची भूमी नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वी येथील कापूस आणि येथील विणकर जगाच्या बाजाराशी जोडलेले होते.

किल्लारीच्या आसपासही इतिहासाच्या खुणा विखुरलेल्या आहेत. उत्तरेला औसा येथे बहमनी काळापासून नांदलेला भुईकोट किल्ला आहे. त्याच तालुक्यात खरोसा येथे जांभ्या दगडाच्या टेकडीत सुमारे सहाव्या शतकात कोरलेली लेणी असून शैव आणि वैष्णव शिल्पे तेथे एकाच टेकडीत नांदतात. खुद्द किल्लारीची जुनी ओळख म्हणजे नीळकंठेश्वराचे प्राचीन मंदिर. राजकीयदृष्ट्या हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. किल्लारी तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर ते लातूरमध्ये आले.

येथवरची हकीकत मराठवाड्यातील कोणत्याही सुखवस्तू बाजारगावाची म्हणून सांगता येईल. पुढची मात्र केवळ किल्लारीची आणि तिच्या शेजारगावांची आहे. ती समजून घेण्यासाठी प्रथम तेथील जुने घर समजून घेतले पाहिजे.

या भागातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. बेसॉल्टचा काळा दगड येथे हवा तितका मिळे आणि मातीला मोल नव्हते. त्यामुळे भिंत जितकी जाड करता येईल तितकी केली जाई. दोन-अडीच फूट ही सामान्य जाडी. मोठ्या वाड्यांत ती याहून कितीतरी अधिक. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती रोखण्यासाठी दरवर्षी त्यावर नवी माती घातली जाई. त्यामुळे माळवदाचे वजन वर्षागणिक वाढत जाई. या घराचे गुण खरे होते. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात ते आतून थंड राही. चोरा-दरोडेखोरांच्या काळात जाड भिंत म्हणजे संरक्षण. रझाकारांच्या दिवसांत तर अशा भिंतींनी अनेकांना आधार दिला असेल. सावकार, व्यापारी, देशमुख, पाटील यांच्या दृष्टीने भिंतीची जाडी ही प्रतिष्ठेचीही बाब होती. घरात चार पैसे आले की ते दगडात घालावेत, असा सर्वसाधारण कल होता आणि त्यात गैर काही वाटत नव्हते.

या भिंतीचा दोष मात्र तिच्या आत होता आणि तो बाहेरून दिसत नव्हता. गवंडी अशी भिंत रचताना बाहेरच्या अंगाला एक आणि आतल्या अंगाला एक, अशा दगडांच्या दोन रांगा उभ्या करतो आणि मधली पोकळी लहान दगड, खडी आणि माती यांनी भरतो. दोन्ही रांगांना आरपार सांधणारे लांब दगड ठरावीक अंतराने घातले, तर भिंत एकसंध राहते. ते घातले नाहीत, तर बाहेरून एक दिसणारी भिंत प्रत्यक्षात दोन वेगळ्या पातळ भिंतींसारखी असते, आणि त्यांच्यामध्ये केवळ भराव असतो. दगड गोलसर, सांधा मातीचा, कोपऱ्यांवर परस्परांत गुंतवण नाही. उभा भार अशी भिंत वर्षानुवर्षे बिनतक्रार सोसते. आडवा हिसका बसला की मात्र तिचे पोट सुटते, दोन्ही रांगा विरुद्ध दिशांना कोसळतात आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर येते.

असा हिसका या भागात बसेल, असे कोणाला वाटत नव्हते. दख्खनचे पठार हे भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जाई. देशाच्या तत्कालीन भूकंपप्रवण नकाशात लातूरचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात मोडत होता. पूर्वसूचना मुळीच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून पुढील काही महिने किल्लारी परिसराला लहानमोठे धक्के जाणवत राहिले. त्यांतील सर्वांत मोठा ऑक्टोबर १९९२ मधील होता. गावकरी धास्तावले. पुढे हादरे थांबले आणि भीतीही ओसरली. भिंती होत्या तशाच राहिल्या.

२९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. गावोगावी गणपतीचे विसर्जन झाले. दिगंबर समाजाच्या दशलक्षण पर्वाची सांगताही त्याच दिवशी होती. मिरवणुकीतून उशिरा परतलेली माणसे गाढ झोपेत असताना ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ इतकी नोंदली गेली. केंद्र किल्लारीजवळ आणि जमिनीखाली फार खोल नव्हते. हादरा जेमतेम काही सेकंदांचा. परंतु किल्लारी, मंगरूळ, तळणी, गुबाळ, लिंबाळा ही औसा तालुक्यातील गावे आणि तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी यांसारखी गावे तेवढ्यात दगडमातीचे ढीग झाली. मृतांचे आकडे निरनिराळे दिले जातात. ते सुमारे ८,००० ते १०,००० या दरम्यानचे आहेत. सुमारे ३०,००० घरे पूर्णतः कोसळली आणि राज्याच्या तेरा जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या आसपास घरांना इजा पोहोचली.

येथे एक तुलना करण्यासारखी आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला झालेला भूकंप तीव्रतेने जवळपास एवढाच किंवा किंचित मोठा होता. त्यात सुमारे १८० माणसे दगावली. किल्लारीला त्याच्या कितीतरी पट. वस्तीची दाटी हे त्याचे एक कारण खरे, परंतु घराची बांधणी हे दुसरे आणि अधिक बोलके कारण आहे. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांच्या लक्षात आले की एकाच गावात, एकाच हादऱ्यात सर्व घरांची गत सारखी झाली नव्हती. कुडाच्या भिंती आणि गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर असलेल्या गरिबांच्या झोपड्या बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या किंवा पडल्या तरी त्यांनी जीव घेतला नाही. ज्या जुन्या घरांत लाकडी खांब आणि तुळयांचे खण नीट जोडलेले होते, तेथे भिंती ढासळल्या तरी छप्पर खांबांवर तरले आणि माणसे वाचली. ज्यांची भिंत जाड आणि छप्पर जड, पण सांधा कच्चा, त्यांचे सर्वाधिक नुकसान झाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टीत सुरक्षितता पाहिली, तीच त्या पहाटे घातक ठरली.

जमिनीखाली नेमके काय घडले, याचा शोध घेण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यातून कळले की वरचा काळा दगड, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, येथे ३३८ मीटर जाडीचे आहेत. त्यांच्याखाली थोडा जुन्या गाळाचा थर आणि त्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन कठीण खडक आहे. म्हणजे ज्या बेसॉल्टला आपण भूमीचा भक्कम पाया समजतो, तो भूशास्त्राच्या हिशेबाने एक पांघरूण आहे आणि त्याखालच्या खडकात जुने तडे आहेत. पुढे २००२ मध्ये देशाचा भूकंपप्रवण नकाशा सुधारला गेला, त्यात पहिला विभागच रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात धरला गेला. ‘येथे कधी होणार नाही’ असे म्हणण्यास भारतात आता कोणताही भाग उरलेला नाही, असाच त्याचा अर्थ.

भूकंपानंतरच्या दिवसांत पाऊस लागून राहिला आणि मदतकार्याला अडथळा झाला. लष्कर, प्रशासन आणि राज्यभरातील स्वयंसेवी संस्था कामाला लागल्या. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार आणि लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी यांच्या त्या काळातील कामाचा उल्लेख आजही केला जातो. आपल्या समाजाच्या दृष्टीने त्यातील एक प्रकरण विशेष स्मरणीय आहे. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेचे तोवरचे काम मुख्यतः समाजांतर्गत सुधारणांचे, सामूहिक विवाहांसारखे होते. किल्लारीच्या मदतकार्यात उतरल्यावर संघटनेसमोर असा प्रश्न आला की अन्नधान्य आणि कपडे काही आठवड्यांत संपतील. ज्या मुलांच्या शाळा, घरे आणि पुष्कळदा आईवडीलही गेले, त्यांच्या पुढील दहा-बारा वर्षांचे काय? संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. ही मुले जैन होती की अन्य कोणत्या समाजाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार अंगे आपल्या परंपरेने सांगितली आहेत. संकटाच्या पहिल्या आठवड्यात आहारदान आणि औषधदान करणारे पुष्कळ असतात. ज्ञानदानाला दशकभराची चिकाटी लागते, म्हणून त्या कामाचे मोल वेगळे. २००१ च्या गुजरातमधील भूकंपानंतर याच संघटनेने अल्पावधीत शेकडो तात्पुरत्या शाळा उभारल्या, त्यामागे किल्लारीचाच अनुभव होता.

यानंतरचा प्रश्न गावांचा होता. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने राज्य शासनाने व्यापक पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवण्यात आली. तेथे सुमारे २८,००० घरे बांधली गेली. आणखी काही गावांची पुनर्बांधणी त्यांच्या मूळ जागीच झाली. नव्या घरांचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन आणि अत्यल्पभूधारकांसाठी २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांसाठी ४०० आणि मोठ्या जमीनमालकांसाठी ७५०. देशभरातील संस्थांनी निरनिराळ्या गावांची जबाबदारी घेतल्यामुळे घरांचे नमुनेही निरनिराळे झाले. गुबाळमध्ये घुमटाकार घरे उभी राहिली. बाणेगाव येथे केरळच्या मल्याळ मनोरमा वृत्तपत्राच्या मदतीने, वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या आराखड्यानुसार, समाईक अंगणाभोवती घरांचे पुंजके रचण्यात आले.

किल्लारीची नवी वस्तीही जुन्या गावठाणापासून काही अंतरावर अशीच आखीव झाली. रुंद रस्ते, सरळ रांगा, मोकळी जागा. जीव वाचवण्याच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण गावठाण हलवणे म्हणजे केवळ घरे हलवणे नव्हे, हेही हळूहळू लक्षात आले. जुन्या गावात ओसरी, पार, आड, देऊळ आणि दुकान हे सारे हाकेच्या अंतरावर होते. दुकानाच्या मागेच घर असे. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला स्वयंपाकघरातील हालचाल कळत असे आणि म्हाताऱ्यांचे दुपारचे चार तास गिऱ्हाईकांशी बोलण्यात जात. नव्या वसाहतीचे क्षेत्रफळ जुन्या गावाच्या कैक पट झाले, शेजार लांबला. छोट्या दुकानदाराला गिऱ्हाईक कोणत्या रस्त्याने जाईल याचा अंदाज नव्याने बांधावा लागला. गुरे, कडबा आणि औजारे यांना जागा पुरेना, म्हणून लोकांनी घराला पडव्या जोडल्या. या पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांनी एक चिंतेची गोष्ट नोंदवली आहे : काही ठिकाणी या वाढीव बांधकामासाठी पुन्हा तोच दगड आणि तीच माती वापरली गेली. जुन्या सवयी मोडायला एक भूकंप पुरत नाही.

याच्या उलट एक उजळ बाजूही आहे. जी गावे हलली नाहीत, तेथील इजा झालेल्या सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम राबवला गेला. तो कंत्राटदारांकडून नव्हे, तर घरमालकांच्या सहभागातून करायचा होता. लोकांना समजावण्याचे काम स्वयम्‌ शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांनी ‘संवाद सहायक’ म्हणून केले. काम तसे साधे होते. भिंतीला ठरावीक अंतराने आरपार छिद्रे पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरणे, म्हणजे दोन्ही रांगा सांधल्या जातात, जोते आणि दाराच्या वरची पातळी येथे भिंतीभोवती सलग पट्टा बांधणे, कोपरे जखडणे, माळवदावरचा अनावश्यक मातीचा थर कमी करणे. भारतीय मानक ब्युरोने कच्च्या दगडमातीच्या घरांसाठी काढलेली मार्गदर्शिकाही १९९३ सालचीच आहे. ज्या घरमालकांनी हे केले, त्यांना घर पाडावे लागले नाही आणि गाव सोडावे लागले नाही. खर्च नव्या घराच्या तुलनेत अल्प होता. हा उपाय १९९२ च्या हादऱ्यांनंतरही उपलब्ध होता, हे लक्षात घेतले म्हणजे मन विषण्ण होते.

आज किल्लारीत दोन जागा आहेत. एका जागी नवी वस्ती, शाळा, बाजार, दवाखाना, वाढलेली दुकाने. तेथे जन्मलेल्या पिढीला जुने गाव केवळ ऐकून ठाऊक आहे. दुसऱ्या जागी जुने गावठाण आणि भूकंपात गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ. दरवर्षी ३० सप्टेंबरला तेथे श्रद्धांजली वाहिली जाते. दूर गेलेली माणसेही त्या दिवशी येतात. प्रवासी म्हणून जाणाऱ्याने एका दिवसात औशाचा किल्ला, खरोसा लेणी आणि किल्लारी ही तिन्ही ठिकाणे पाहावीत. मुले बरोबर असतील तर अवश्य. खरोशाला त्यांनी दगडात कोरलेले पाहावे, औशाला दगडावर दगड रचलेला पाहावा आणि किल्लारीला जाऊन दगड दगडाला बांधला नाही तर काय होते ते समजून घ्यावे.

शेवटी आपल्या घरातल्या हिशेबाकडे यावे लागते. हा विषय जुना झाला, असे मानण्याचे कारण नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत स्पष्ट जाणवले आणि माणसे सकाळी घराबाहेर धावली. नांदेड आणि लातूरच्या जुन्या पेठांतील आपल्या अनेक कुटुंबांची दुकाने, गोदामे आणि राहती घरे आजही जुन्या दगडमातीच्या वाड्यांत आहेत. कित्येक ठिकाणी दर्शनी भाग रुंद करण्यासाठी तळमजल्याच्या भिंती काढून टाकल्या आहेत आणि वर दोन मजले चढवले आहेत. कित्येक ठिकाणी बाहेरून गिलावा आणि रंग नवा, आत भिंत मात्र आजोबांच्या काळातली. अशा वास्तूची एकदा जाणत्या स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. भिंतीला पोट आले आहे का, कोपऱ्यांत उभी भेग आहे का, माळवदावर किती माती साचली आहे, एवढे तरी स्वतः पाहावे. गोदामात पोत्यांची उंच थप्पी कच्च्या भिंतीला टेकवून लावू नये. ज्या खोलीत वृद्ध आणि मुले झोपतात, ती खोली घरातील सर्वांत भक्कम असावी. तिजोरीची खोली त्यानंतर.

विम्याचेही तसेच. व्यापारी सामान्यतः बँकेच्या कर्जासाठी आवश्यक तेवढा मालाचा विमा उतरवतो आणि त्याची पावती फाईलला लावून विसरतो. पूर्वीच्या प्रमाणित आग विम्यात भूकंपाचे संरक्षण वेगळा हप्ता देऊन घ्यावे लागे आणि पुष्कळजण ते वगळत. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या घरांसाठीच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आणि लहान व्यवसायांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ व ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या पॉलिसींत भूकंपाचे संरक्षण मुळातच समाविष्ट आहे. सूक्ष्म उद्यमाची पॉलिसी ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी आणि लघु उद्यमाची त्यापुढे ५० कोटींपर्यंत आहे. तरीही तीन गोष्टी तपासाव्यात : विमा केवळ मालाचा आहे की इमारतीचाही, रक्कम आजच्या बांधकाम खर्चाला पुरेशी आहे का, आणि वाडा भावाभावांच्या समाईक नावावर असेल, तर पॉलिसीत प्रत्येकाचे नाव आणि हिस्सा स्पष्ट आहे का. या कामाला अर्धा दिवस लागतो.

दिवाळीला आपण वह्या बदलतो, चोपडापूजन करतो, दुकानाची साफसफाई आणि रंगरंगोटी करतो. यंदा रंगारी बोलावण्यापूर्वी गवंड्याला आणि अभियंत्याला बोलावून भिंत दाखवावी. किल्लारीच्या पांढरीवर ज्यांना ती संधी मिळाली नाही, त्यांच्या स्मृतीला त्याहून योग्य आदरांजली दुसरी नसेल.